रेन गार्डनमध्ये दर जुलैत पाणी तुंबतंय? वाळू बदलायच्या आधी पाणी नक्की कुठे अडतंय ते शोधा

रेन गार्डन म्हणजे छताचं-रस्त्याचं पावसाचं पाणी वाळूच्या मिश्रणातून आणि खालच्या खडीतून जमिनीत मुरवणारी खोलगट बाग. प्रॉब्लेम असा असतो. पहिल्या पावसाळ्यात सगळं मस्त चालतं, दुसऱ्या वर्षी जुलैच्या मध्यावर पाणी उतरायला वेळ लागायला लागतो, तिसऱ्या वर्षी तीन-तीन दिवस डबकं, त्यात शेवाळ, वास, डासांच्या अळ्या, आणि मग मीटिंगमध्ये कोणीतरी म्हणतंच की बुजवून टाका आणि पेव्हर ब्लॉक लावा. अळीचा डास व्हायला साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात हे खरं, पण जुलैत एक पाणी उतरायच्या आत दुसरा पाऊस येतो त्यामुळे खड्डा कोरडा पडतच नाही. मग कमिटी वरची वाळू काढून नवीन वाळू टाकते, दोन महिने बरं वाटतं आणि परत तेच. आमच्याकडे हे दोनदा झालं, तिसऱ्यांदा मी अडून बसले की आता पूर्ण खोदून बघितल्याशिवाय एक पाटीसुद्धा वाळू आणायची नाही.

आमची सोसायटी पुण्यात बावधनच्या बाजूला, टेकडीच्या उतारावर. रेन गार्डन सहा मीटर बाय चार मीटरचं, त्यात एका विंगचं टेरेस आणि समोरचा रस्ता धरून साधारण ४०० चौरस मीटरचं पाणी येतं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे २० मिलिमीटरची एक जोरदार सर आली की ८,००० लिटर पाणी त्या २४ चौरस मीटरवर येऊन आदळतं. वर अर्धा फूट, म्हणजे १५ सेंटिमीटर पाणी साठेल एवढी जागा ठेवलेली आहे आणि त्यापुढचं ओव्हरफ्लोच्या जाळीतून गटारात जातं.

आता हे १५ सेंटिमीटर पाणी तीन दिवस तिथेच राहत होतं. १५० मिलिमीटर भागिले ७२ तास, म्हणजे तासाला दोन मिलिमीटर. हा आकडा कागदावर लिहिला तेव्हाच माझ्या लक्षात आलं की हा स्पीड वाळूचा असूच शकत नाही, हा चिकण मातीचा स्पीड आहे. चांगल्या फिल्टर मिश्रणातून तासाला १०० मिलिमीटर आणि वर पाणी जायला पाहिजे. म्हणजे वरून वाळू दिसत असली तरी पाणी कुठेतरी चिखलातूनच वाट काढत होतं. तुम्हीही सगळ्यात आधी हा भागाकार करा, एका स्केलपट्टीवर आणि मोबाईलच्या घड्याळावर होतो.

त्यानंतर पाणी कुठे अडतंय ते बघायचं. यासाठी एक इंचाचा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या एक फुटाला ड्रिलने भोकं पाडा आणि पहारीने भोक करून तो अगदी तळाच्या खडीपर्यंत उतरवा, वरून कॅप लावा म्हणजे वरचं पाणी थेट आत जाणार नाही. पाऊस पडून वर पाणी साठलं की कॅप काढून आत सुकी काठी घाला. काठी ओली झाली नाही, म्हणजे वर तळं आणि खाली खडी कोरडी, तर अडचण वरच्या थरांमध्ये आहे. काठी वरच्या पाण्याच्या लेव्हलपर्यंत ओली आली तर मिश्रण बिचारं ठीक आहे, खालची जमीन पाणी घेत नाहीये किंवा बाहेर जाणारा पाइप चोक झालाय, आणि अशा वेळी वरची वाळू कितीही वेळा बदललीत तरी काही उपयोग नाही. मला वाटतं निम्मे पैसे लोक इथेच वाया घालवतात.

खालची जमीन पाणी घेत नसेल तर काय? पुण्यात वर काळी माती, खाली मुरूम, त्याखाली कातळ असा प्रकार असतो आणि मुरूम सगळीकडे सारखा नसतो, एका जागी पाणी झपझप पितो आणि दहा फुटांवर घट्ट दगडासारखा लागतो. एक फूट बाय एक फूट खड्डा तळाच्या लेव्हलला घ्या, संध्याकाळी पाण्याने भरून ठेवा, सकाळी परत भरा आणि मग तासाला किती उतरतं ते मोजा. पहिल्या भरण्याचा आकडा धरू नका, कोरडी जमीन पहिलं पाणी नेहमीच पटकन पिते. तासाला १२-१३ मिलिमीटरपेक्षा कमी येत असेल तर तळाला भोकं पाडलेला ११० एमएमचा पाइप टाकून पाणी बाहेर काढायची सोय करायलाच लागते. आणि खोदताना जेसीबीच्या बकेटने तळ लिंपल्यासारखा गुळगुळीत झाला असेल तर पहारीने तो खरवडून घ्या, ओल्या काळ्या मातीवर बकेट फिरली की ती अक्षरशः सारवल्यासारखी होते आणि त्यातून पाणी उतरत नाही.

आमच्याकडे काठी कोरडी आली. म्हणजे अडचण वर. मग दोन फूट बाय दोन फुटाचा चौकोन आखून वरचा दोन इंचाचा थर खुरप्याने काढला आणि त्यात बादलीभर पाणी ओतलं. पटकन उतरलं असतं तर फक्त वर गाळ बसलाय एवढंच निघालं असतं. थोडा फरक पडला पण फार नाही. आमचे माळीकाका शेजारी बसून बघत होते, ते म्हणाले, "ताई, वरचं पाणी खाली निघतंय, पण मधेच कुठंतरी बसतंय." दुसऱ्या दिवशी खोदलं.

खोदल्यावर जे दिसलं ते सांगते. वरची दीडेक फूट वाळू-मातीचं मिश्रण, राखाडी रंगाचं, मुठीत दाबलं की लाडू वळावा तसा गोळा होत होता. त्याच्या खाली आणि खडीच्या वर पांढरं जिओटेक्स्टाइल कापड अंथरलेलं होतं, आणि ते पांढरं राहिलंच नव्हतं. त्याच्यावर साधारण अर्धा सेंटिमीटर जाडीचा गुळगुळीत, करडा लेप बसला होता, बोटाने ओढला तर साय निघावी तसा निघत होता. कापडाचा तुकडा कापून नळाखाली धरला, पाणी वर साचून राहिलं आणि कडेने ओघळलं. कापडाखालची खडी एकदम स्वच्छ आणि कोरडी. म्हणजे दोन वर्षं आम्ही वरची वाळू बदलत होतो आणि खरी गाठ दीड फूट खाली होती.

कापड घालणाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, वाळू खडीत उतरू नये म्हणून घालतात. पण बारीक कण पाण्याबरोबर खाली येतच राहतात आणि कापडाची छिद्रं बुजवतात, आणि गाडलेलं कापड काढून धुता येत नाही. त्यापेक्षा थरांचे दाणे टप्प्याटप्प्याने वाढवत नेले की कापड लागतच नाही. माती-अभियांत्रिकीतले तज्ज्ञ कार्ल टेर्झागी यांचा जुना नियम आहे, सोपा करून सांगायचा तर खालच्या थरातले बारीक दाणे वरच्या थरातल्या जाड दाण्यांच्या चार-पाच पटीपेक्षा मोठे नकोत. आपल्या जाड वाळूचे मोठे दाणे दोन एमएमचे धरले तर तिच्याखाली थेट २० एमएमची खडी चालत नाही, तिचे लहान दगडसुद्धा ११-१२ एमएमचे असतात आणि वाळू त्यांच्यामधून गळते. मध्ये चार इंच ३ ते ६ एमएमची धुतलेली ग्रिट, म्हणजे बारीक खडी, घाला, त्याखाली २० एमएम खडी, काम झालं. कापड लावायचंच असेल तर खड्ड्याच्या बाजूच्या भिंतींना लावा, म्हणजे कडेची काळी माती आत ढासळणार नाही. पाण्याच्या वाटेत आडवं कधीच नको.

आता मिश्रणाकडे येऊ, मूळ दुखणं तिथेच आहे कारण कापडावरचा तो लेप काही आकाशातून आला नव्हता. बिल काढून बघितलं तर त्यात नुसतं "वाळू, पोयटा, शेणखत समप्रमाणात" लिहिलेलं. पोयटा म्हणजे नदीकाठचा गाळ, शेतीला आणि कुंड्यांना उत्तम, पण त्याचे कण इतके बारीक की फिल्टरमध्ये तो एक तृतीयांश घालणं म्हणजे स्वतःच्या हाताने गाळ भरण्यासारखं आहे. आणि वाळू होती प्लास्टरची क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली बारीक वाळू, न धुतलेली, डस्टसकट.

घरच्या घरी हे तपासायला काचेची उभी बरणी पुरते. एक तृतीयांश मिश्रण, वर पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर, झाकण घट्ट लावून पाच मिनिटं जोरात हलवा आणि खिडकीत ठेवून द्या, नंतर हात लावू नका. पहिल्या मिनिटभरात जे बसतं ती वाळू, पुढच्या दोनेक तासात बसतं तो गाळ, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत पाणी गढूळ ठेवून मग जे वर पातळ सायीसारखं बसतं ती चिकण. थरांवर मार्करने रेघा मारा. आमच्या बरणीत वाळूचा थर निम्म्यापेक्षा जेमतेम वर होता आणि पाणी चौथ्या दिवशीही चहासारखं. वरचे दोन थर मिळून एकूण उंचीच्या दहाव्या भागापेक्षा जास्त दिसत असतील तर तो माल घेऊ नका. बरणी लॅब टेस्टची जागा घेत नाही पण ट्रक परत पाठवायला पुरेशी आहे.

क्रश सँडबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्या कारण सप्लायर हमखास म्हणतो की आमची वाळू आयएस ३८३ पास आहे. असेलही. पण ते काँक्रीटच्या वाळूचं स्टँडर्ड आहे आणि त्यात क्रश केलेल्या दगडी वाळूला ७५ मायक्रॉनखालचे कण १५ टक्क्यांपर्यंत चालतात, काँक्रीटला त्याने बिघडत नाही. पाणी झिरपवायच्या कामाला मात्र ते जड जातं. ऑस्ट्रेलियातल्या बायोरिटेन्शनच्या (रेन गार्डनसारख्या, पाणी गाळून मुरवणाऱ्या बागांच्या) गाइडलाइनमध्ये फिल्टरच्या मिश्रणात गाळ आणि चिकण मिळून ३ टक्क्यांखाली ठेवायला सांगितलंय आणि पाणी झिरपायचा वेग तासाला १०० ते ३०० मिलिमीटर धरलाय. तेव्हा मागताना स्पष्ट शब्दात "वॉश केलेली काँक्रीटची जाड क्रश सँड" मागा, प्लास्टरची नको, कच नको. ट्रक आला की मूठभर वाळू पांढऱ्या रुमालात चोळा, रुमाल पिठासारखा झाला तर उतरवून घेऊ नका.

अजून एक चूक खूप जण करतात, मीही आधी करायचे. जागेवरची काळी माती फेकायला नको म्हणून तीच ठेवायची आणि त्यात थोडी वाळू मिसळायची. काळ्या मातीतली चिकण माँटमोरिलोनाइट जातीची, पाणी प्यायली की फुगते आणि सुकली की भेगाळते. मे महिन्यात त्या भेगांतून बादल्याच्या बादल्या पाणी खाली जातं आणि आपल्याला वाटतं जमीन किती छान पिते, जुलैत ती फुगून भेगा मिटतात आणि सगळं बंद. त्यात २०-३० टक्के वाळू घातली तर वाळूचे दाणे चिकणीत मनुक्यांसारखे वेगवेगळे अडकून बसतात, पाण्याला वाट मिळत नाही, उलट सुकल्यावर विटेसारखं घट्ट होतं. वाळूचा दाणा वाळूच्या दाण्याला टेकला पाहिजे, आणि ते व्हायला मिश्रणात पाऊण भागाच्या वर वाळूच लागते. काढलेली काळी माती टाकायची नसेल तर झाडांच्या आळ्यात वापरा, तिथे ती सोनं आहे.

वाळूत मिसळायला काय घ्यायचं यावर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि त्यातही खतावर. बायोरिटेन्शनची कल्पना १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मेरीलँडच्या प्रिन्स जॉर्जेस काउंटीत आली आणि मग जगभर पसरली, तेव्हापासून खत घालायची सवय आहे कारण झाडं जगली पाहिजेत. वॉशिंग्टन राज्यात तर बराच काळ ६० टक्के वाळू आणि ४० टक्के कंपोस्ट असं मिश्रण चालायचं. नंतर मोजल्यावर कळलं की त्या कंपोस्टमधूनच फॉस्फरस, नायट्रेट आणि तांबंसुद्धा पाण्यात उतरतंय, म्हणजे पाणी स्वच्छ करायला बांधलेली गोष्टच पाणी खराब करत होती. मग त्यांनी ७० टक्के वाळू, २० टक्के कोकोपीट (नारळाचा भुसा) आणि १० टक्के बायोचार (झाडपाल्याचा, लाकडाचा कोळसा) असं मिश्रण आणलं. आपल्याकडे एक तृतीयांश शेणखत घालतात ते याच चुकीचं मोठं रूप आहे, आणि शेणखत पुढे कुजून बसतं, थर खाली खचतो आणि जे उरतं ते परत बारीक गाळच. शेणखत आणि गांडूळखत इथे नको, झाडं लावताना खड्ड्यात मूठभर घातलं तर चालेल. पूर्ण मुरलेलं पानांचं खत चाळून ५ टक्के, एवढंच.

कोकोपीट चांगलं, पण विटा धुऊन घ्या, नारळाच्या भुशात मीठ असतं. ड्रममध्ये भिजवायचं, पिळायचं, पाणी फेकायचं, असं दोन-तीनदा. कोळसा किंवा बायोचार मिळत असेल तर गव्हाच्या दाण्याएवढा कुटून आणि भुकटी चाळून टाकून वापरा, भुकटी ठेवलीत तर तीच छिद्रात बसते. परलाइट पावसात तरंगून वर येतं आणि व्हर्मिक्युलाइट वजनाखाली दबतं, दोन्ही कुंडीत शोभतात. विटांचे तुकडे आपल्याकडे जुन्या शोषखड्ड्यांत सर्रास घालतात, भट्टीच्या पक्क्या विटेचे ठीक पण कच्च्या विटेचे दोन पावसाळ्यात चिखल होतात.

जिप्समबद्दल मात्र थांबून बोलायला हवं कारण "काळी माती मोकळी होते" म्हणून ते पोती भरून विकलं जातं. जिप्सम काम करतं चोपण जमिनीत, जिथे मातीत सोडियम जास्त झालाय, सांगली-कोल्हापूरकडच्या उसाच्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांना हे चांगलं माहीत आहे. कॅल्शियम सोडियमची जागा घेतो, कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि पाण्याला वाट मिळते. तुमच्या मातीत सोडियमच जास्त नसेल तर तो फायदा मिळत नाही, आणि फिल्टरच्या मिश्रणात तर चिकण मुळात ठेवायचीच नसते. आधी माती परीक्षण, मग पोतं.

पाण्यातला फॉस्फरस अडवायचा असेल, म्हणजे पाणी पुढे तळ्यात किंवा ओढ्यात जात असेल, तर लोखंड आणि ॲल्युमिनियमची संयुगं कामाला येतात. अमेरिकेत मिनेसोटात वाळूत वजनाने ५ टक्के लोखंडाचा कीस मिसळतात. कोकणातल्या वाचकांकडे जांभा घरचाच आहे, त्यात लोह आणि ॲल्युमिनियमची ऑक्साइड भरपूर, त्याची भुकटी चाळून काढलेली बारीक ग्रिट वाळूत मिसळून बघण्यासारखी आहे.

आमचं शेवटी ठरलं ते असं: धुतलेली जाड क्रश सँड ८० टक्के, बरणीत तपासून घेतलेली लाल माती १० टक्के, धुतलेलं कोकोपीट ५ आणि पानांचं खत ५ टक्के, सगळं घमेल्याने मोजून, वजनाने नाही. खोली ६० सेंटिमीटर, म्हणजे १४.४ घनमीटर. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर, त्यामुळे पाच ब्रासच्या जरा वर माल लागला आणि बसण्यासाठी दहा टक्के जास्त धरला. कोकोपीटच्या पाच किलोच्या दहा विटा पुरल्या.

खड्ड्यात टाकायच्या आधी डबा टेस्ट केली, ही कृपया कोणी चुकवू नका. रंगाचा २० लिटरचा रिकामा डबा, तळाला वीसेक भोकं, दोन इंच ग्रिट, वर आठ इंच मिश्रण, हाताने हलकं दाबून. दोनदा पाणी भरून जाऊ दिलं, तिसऱ्यांदा आत स्केल चिकटवून दहा मिनिटांत किती उतरलं ते बघितलं. एक इंच उतरलं, म्हणजे तासाला साधारण १५० मिलिमीटर. डब्यात आकडा जरा जास्तच येतो आणि पुढे गाळाने स्पीड कमी होणारच, म्हणून निम्मा धरायचा, ७५. अर्धा फूट पाणी दोन तासात. आम्हाला चालण्यासारखं होतं. पहिला ट्रक मात्र याच टेस्टमध्ये नापास होऊन परत गेला.

भरताना २० सेंटिमीटरचे थर करा, प्रत्येक थर झारीने भिजवून आपोआप बसू द्या, आत रोलर किंवा जेसीबी नको, माणसांनीसुद्धा फळी टाकून उभं राहावं. वर लाकडाचा भुसा टाकू नका, पहिल्या पावसात तरंगून ओव्हरफ्लोची जाळी बंद करतो. आम्ही वाळा आणि कर्दळ लावली, वाळ्याची मुळं सरळ खोल जातात आणि मिश्रणात वाटा मोकळ्या ठेवतात.

आणि गाळ आत येण्याच्या जागीच अडवा. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू होतं, तिथली माती रस्त्यावरून वाहत थेट आमच्याकडे येत होती. आता पाणी आत शिरतं तिथे तीन फूट बाय दोन फुटाचा दगड लावलेला छोटा खड्डा केलाय, पाणी आधी त्यात पडून शांत होतं आणि मग पुढे जातं. पहिल्या महिन्यातच त्यातून सात घमेली गाळ निघाला. तो सगळा आधी फिल्टरवर बसत होता.

ज्यांच्याकडे हे पाणी बोअरवेलमध्ये सोडतात त्यांनी विशेष सांभाळा. राज्याच्या बांधकाम नियमावलीप्रमाणे ५०० चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर रेनवॉटर हार्वेस्टिंग लागतं, म्हणून बऱ्याच ठिकाणी घाईने पिट बांधून तो बोअरला जोडलेला असतो. बोअरमध्ये फक्त टेरेसचं पाणी, तेही पहिल्या एक-दोन पावसांचं सोडून. पार्किंगचं, रस्त्याचं आणि खत घातलेल्या कुठल्याही थरातून आलेलं पाणी बोअरमध्ये अजिबात नको, नायट्रेट वाळूने अडत नाही आणि तेच पाणी उन्हाळ्यात आपण उपसतो.

नवीन भरल्यानंतर पहिल्या जुलैत आमचं १५ सेंटिमीटर पाणी पावणेदोन तासात उतरलं. यंदा तेच सव्वादोन तासांवर आलंय, स्केल कडेच्या खांबाला कायमची लावून ठेवलीये आणि वॉचमनदादा जोराचा पाऊस थांबला की वेळ वहीत लिहितात. चार तासांच्या वर गेलं की वरचा एक इंच खरवडून काढायचा आणि तेवढीच धुतलेली वाळू घालायची, असं ठरवलंय. दंताळ्याने खरवडायचं, कुदळीने नाही, कारण कुदळ वरचा गाळ खाली मिसळते.